केली की लावली?

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी बिअरचा विषय मांडावा, हे काही सभ्य माणसाचे लक्षण नव्हे. वाचकांनी आधीच क्षमा करावी. मी स्वतः त्या पेयाचा थेंबही कधी चाखलेला नाही, आणि दारूपायी धुळीला मिळालेले संसार मी माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन पाहिलेले आहेत. गावची बाटली आडवी करण्यासाठी मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांपैकी कित्येकींची मुले माझ्या वर्गात बसली आहेत. तेव्हा पिण्याची बाजू घेण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. मात्र गेल्या दिवाळीत या विषयाच्या निमित्ताने आमच्या घरात एक वाद झाला. तो बिअरपाशी सुरू झाला आणि माझ्यापाशी येऊन थांबला. त्या वादाची ही हकीकत आहे.

माझा भाचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, गेली सहा वर्षे अमेरिकेत असतो. त्याला घरी बिअर तयार करण्याचा छंद आहे. आपल्याकडे हे बोलणेही पंचाईतीचे, कारण १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून मद्य गाळणे हा महाराष्ट्रात गुन्हा ठरतो. अमेरिकेतही ही मोकळीक जुनी नाही. तिकडच्या मध्यवर्ती सरकारने घरगुती बिअरला कर माफ करून परवानगी देणारा कायदा केला तो १९७८ साली. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यावर सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून तो अमलात आला. एका प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर दोनशे. आणि विकायची मात्र नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांनी तर परवानगी द्यायला २०१३ साल उजाडू दिले. भाचा हे सारे आपल्या आईला पटवून सांगत होता. ताईच्या चेहऱ्यावरून तिला कायदा पटला, पण छंद पटला नाही, असे दिसत होते.

वादाचे कारण असे झाले. भाच्याला एक यंत्र घ्यायचे होते. त्याच्या बायकोचा त्याला विरोध होता. शेवटी तिनेच तोडगा काढला होता, "तुमचे मामा निबंध लिहितात ना? त्यांना विचारा."

"मामा, खरंच सांगा," तो म्हणाला, "असलं यंत्र घेण्यात अर्थ आहे का?"

आता मास्तराला प्रश्न विचारला की मास्तर आधी धडा समजावून घेतो. मी म्हटले, "आधी मला सांग, हाताने करतोस ते कसे करतोस?"

त्याने सांगितले ते ऐकताना आमच्या आईने हातातली वात बाजूला ठेवली. बार्ली भिजवायची, तिला मोड येऊ द्यायचे आणि मग ती वाळवून, भाजून ठेवायची. हे काम कारखान्यातून होऊन येते. ते मोड आलेले धान्य भरडून पासष्ट ते अडुसष्ट अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे. तेवढ्या वेळात धान्यातल्या पिठूळपणाची साखर होते. पाणी कमी गरम असले तर ती नीट होत नाही, आणि जास्त तापले तर ज्या द्रव्यांमुळे ती होते ती द्रव्येच मरून जातात. मग ते गोड पाणी गाळून घ्यायचे, तासभर उकळायचे आणि उकळताना त्यात हॉप नावाच्या वेलीची कडसर फुले टाकायची. नंतर झटपट निववायचे, त्यात यीस्ट टाकायचे आणि झाकून ठेवायचे. आठवडा-दोन आठवडे ते आंबते. मग बाटल्यांत किंचित साखर घालून भरायचे आणि पुन्हा पंधरा दिवस वाट पाहायची.

"म्हणजे आंबीलच की!" आई म्हणाली. "नाचणीच्या ऐवजी जव."

भाचा हसला. पण तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. रात्री नाचणीचे पीठ ताकात कालवून ठेवायचे आणि सकाळी शिजवायचे, या आमच्या कोयनेच्या खोऱ्यातल्या न्याहारीचे आणि त्या परदेशी पेयाचे गोत्र दूरवर कुठेतरी जुळतेच. आंबीलीने झिंग येत नाही, एवढाच काय तो फरक. तो मात्र फार मोठा फरक आहे, असे ताईने तिथल्या तिथे बजावले.

"आणि यंत्र काय करतं?" मी विचारले.

यंत्र पाणी तापवते, अंश सांभाळते, वेळ मोजते, फुले नेमक्या क्षणी टाकते आणि उकळते. काही यंत्रांत तर धान्यही पाहायला मिळत नाही. २०१९ साली लास व्हेगासच्या प्रदर्शनात एलजी कंपनीने एक यंत्र दाखवले होते. त्यात कंपनीच्या कुप्या बसवायच्या, पाणी भरायचे आणि बटण दाबायचे. सुमारे दोन आठवड्यांनी पाच लिटर बिअर तयार. माझ्या भाच्याच्या मनात भरलेले यंत्र याच जातीचे होते. किंमत दीड हजार डॉलर. त्याचा सध्याचा पातेले, बादली आणि नळी यांचा संसार सारा मिळून सव्वाशे डॉलरांत उभा राहिला होता, आणि त्यातून एका खेपेला एकोणीस लिटर निघत होते.

मी लगेच कागद घेतला. महिन्याला दोन खेपा धरल्या, तर पाच लिटरप्रमाणे वर्षाला एकशे वीस लिटर होतात. पाच वर्षांत सहाशे. म्हणजे दाणे-फुलांचा खर्च येण्यापूर्वीच प्रत्येक लिटरच्या डोक्यावर यंत्राचे अडीच डॉलर बसले. "हिशेबात बसत नाही," मी निकाल दिला.

"हिशेबात माझं पातेलंही बसत नाही, मामा. माझा वेळ धरला तर दुकानातली बाटली केव्हाही स्वस्त."

हे खरे होते. छंदाचा हिशेब पैशांत मांडणारा माणूस छंदही समजत नाही आणि पैसाही. म्हणून मी दुसऱ्या वाटेने गेलो. मी म्हटले, "अरे, तू हे आवडीने करतोस ना? मग आवडीचे काम यंत्राला कशाला देतोस? उद्या तुला सकाळी फिरायला जायची आवड लागली, तर माझ्या वतीने फिरून ये म्हणून तू गडी पाठवशील काय?" आणि मग मला चेव चढला. हाताच्या कामात जो जीव असतो तो बटणात नसतो, यंत्राने माणसाचा रियाज हिरावला, आमच्या लहानपणी घरात जाते होते, पहाटे त्याची घरघर ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, त्या घरघरीबरोबर ओवी होती आणि ओवीबरोबर माया होती. विजेची गिरणी आली आणि सारे गेले. असे मी पुष्कळ बोललो. मी काय बोलत होतो ते मला चांगलेच पाठ होते, कारण माझ्या पहिल्या कादंबरीत त्या जात्यावर अकरा पाने आहेत आणि वाचकांनी मला आजवर सर्वांत जास्त पत्रे त्या अकरा पानांबद्दलच पाठवली आहेत.

सौभाग्यवती चकलीच्या भाजणीचा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, सोऱ्या फिरवायला जरा हात लावता का? की त्यातली माया मलाच मिळू द्यायची?"

सगळे हसले. मीही हसलो. पण आई हसली नाही. ती वात वळत वळत अगदी सहज म्हणाली, "लिहिलंस ते छान लिहिलंस रे. मला वाचून दाखवलंस तेव्हाही छान वाटलं होतं. पण तू दळत नव्हतास."

ते बोलणे टोमण्याचे नव्हते, म्हणून ते अधिक लागले. टोमण्याला उत्तर असते.

माझ्या शालान्त परीक्षेच्या वर्षाची गोष्ट आहे. गिरणी ओढ्यापलीकडच्या गावात होती. आमच्याकडे पाऊस लागला की ओढा चार-चार दिवस उतरत नाही. तेव्हा दळण घरीच. आई चारला उठायची. मी चिमणीशी पुस्तक घेऊन बसायचो आणि जात्याच्या आवाजाने मला झोप न येता अभ्यास होई. ती घरघर माझ्या मनात परीक्षेतल्या यशाशी, पावसाशी, ऊबेशी जोडली गेली आहे. तिच्या मनात ती कशाशी जोडली गेली आहे, हे मी पंचवीस-तीस वर्षांत तिला एकदाही विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. ती म्हणाली, "खांदा दुखायचा. आणि आता कोंबडा आरवेल, मग पाणी भरायला जायचं, याची धास्ती असायची. ओवी म्हणायची ती झोप उडावी म्हणून. गिरणी ओढ्याच्या अलीकडे आली त्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा पाचपर्यंत झोपले."

मी अकरा पानांत ज्या गोष्टीच्या जाण्याचा शोक केला होता, ती गेल्यामुळे माझ्या आईला एक तास झोप मिळाली होती.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. त्या ओव्या खोट्या होत्या असे माझे म्हणणे नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर भरल्या. एवढे काव्य केवळ झोप उडवण्यासाठी होत नाही. परंतु ज्या दगडाने ओवी दिली त्याच दगडाने हाताला घट्टे दिले, हेही खरे. आणि ओवी ऐकणाऱ्याच्या वाट्याला घट्टे आलेले नव्हते. कष्टाचे काव्य लिहायला हरकत नाही. पण कष्ट दुसऱ्याचे असताना, ते कमी होऊ नयेत अशी इच्छा काव्याच्या आड लपवणे, हा अपराध आहे. मी तो केला होता.

त्या दुपारी मी माडीखाली पडलेले जाते झाडून काढले. भाच्याने मदत केली. शेरभर नाचणी घेतली आणि मांडी ठोकून बसलो. पहिल्या चार वेढ्यांत दगड हलला, पण पीठ आले नाही, कण्या आल्या. आई येऊन जवळ बसली. "मूठ मोठी घालतोस. चिमूट चिमूट घाल. आणि खुंटा आवळून धरू नकोस, नुसता वळव. दगडाला त्याच्या वजनाने फिरू दे." पाऊण तासाने माझ्या तळहाताला दोन फोड आले आणि पदरात पडले ते ओंजळभर जाडेभरडे पीठ. भाचा घड्याळ लावून बसला होता. तो म्हणाला, "मामा, गिरणीत हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे." आई म्हणाली, "त्याला करू दे. त्याला आवड आहे."

रात्री फोडांवर खोबरेल लावून मी विचार करीत बसलो. मग माझ्या ध्यानात आले की सकाळी मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या होत्या.

एक काम असते ते गळ्यात पडलेले. न करून भागत नाही असे. त्यातून सोडवणारे यंत्र ही दयाच आहे. जपानात तोशिबा कंपनीने १९५५ साली आपोआप बंद होणारे विजेचे भातपात्र विकायला काढले. योशितादा मिनामी नावाच्या कारखानदाराने ते घडवले, आणि वेळोवेळी भात शिजवून पाहून त्याच्या नोंदी ठेवण्याचे काम त्याची पत्नी फुमिको हिने केले. तोवर तिथल्या बाया उजाडण्यापूर्वी उठून चुलीपाशी जाळ सांभाळत बसत. आमच्या आईची पहाट आणि त्यांची पहाट एकच. गांधीजींचे नाव यंत्रविरोधाशी जोडले जाते. पण त्यांनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोला टाके घालताना पाहून सिंगरने ते केले, त्यामागे प्रेम होते, असा त्यांचा अभिप्राय होता. म्हणजे त्यांची कसोटी अशी की यंत्राच्या पोटात काय आहे, हाव की माया?

दुसरे काम असते ते आपण होऊन उचललेले. ते केले नाही तर कोणी उपाशी राहत नाही. भाच्याची बिअर ही असली. तेथे यंत्र कोणाची पाठ सोडवीत नाही. मग ते घेण्यात अर्थ काय?

हा विचार मी दुसऱ्या दिवशी भाच्याला मोठ्या समाधानाने सांगितला. त्याने तो ऐकून घेतला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही आजीची पहाट पाहिलीत. माझी संध्याकाळ पाहा. मी घरी येतो सातला. मूल साडेआठला झोपतं. एक खेप हाताने करायची तर रविवारचे सहा तास जातात, आणि ते तास मी एकटा घेतो, घर ती सांभाळते. म्हणून तिचा यंत्राला विरोध नाही. तिचा विरोध आहे तो पैशाला. माझ्या आवडीचे कष्ट मी आपण होऊन उचलले खरे, पण त्यांचा अर्धा भार तिने उचलला आहे, तोही न विचारता. आणि माझ्या शेजारचे एक गृहस्थ सत्तरीचे आहेत. त्यांना हा छंद चाळीस वर्षे होता. आता वीस लिटरचं उकळतं पातेलं उचलवत नाही. त्यांनी यंत्र घेतलं नसतं तर छंदच सोडावा लागला असता."

पुन्हा मला माझे वाक्य मागे घ्यावे लागले. गळ्यात पडलेले आणि आपण होऊन उचललेले यांच्यामधली रेघ घराबाहेर उभे राहून आखता येत नाही. एकाच्या छंदात दुसऱ्याची वेठ दडलेली असते. ते यंत्र कोणाची पाठ सोडवते, हे यंत्राकडे पाहून कळत नाही. घरात पाहून कळते.

तेवढ्यात आईने विचारले, "पण ते यंत्र भांडी घासतं का?"

भाचा गडबडला. "नाही आजी. धुणं आपल्यालाच. खरं तर बिअरमधलं निम्मं काम धुण्याचंच. जरा कुठे घाण राहिली की सगळं आंबट."

"मग कसलं मेलं यंत्र!" ती म्हणाली. आणि खरोखरच, या यंत्रांवरचा इतका नेमका शेरा मी दुसऱ्या कोणाकडून ऐकला नाही. गंमतीचे तेवढे यंत्राने करायचे आणि भांडी मागे ठेवायची.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भाच्याची बायको पाहुण्यांना पेले देताना म्हणते, "ही यांनी घरी केली." बटण दाबून झालेल्या बिअरला असे म्हणता येईल का, ही भाच्याची खरी टोचणी होती. "केली" म्हणण्याचा हक्क माणसाला केव्हा मिळतो?

याचे उत्तर शोधताना मला आपल्या भाषेने हात दिला. आपण भाकरी करतो, भाजी करतो, चकली करतो. पण दही "करीत" नाही, दही लावतो. कोणत्याही घरी विचारा, "दही केलंस का?" असे कोणी म्हणणार नाही. "विरजण लावलंस का?" असे म्हणतात, आणि सकाळी "दही छान लागलंय" म्हणतात. ज्या कोणा आजीने हा शब्द प्रथम वापरला असेल तिला ठाऊक होते की दूध कोमट करणे, विरजण घालणे, झाकणे आणि न हलवणे एवढेच आपल्या हाती आहे. पुढचे दुसरे कोणी करते. तेच झाडाचे. झाड आपण लावतो, वाढवतो म्हणतो ते उगीच. तेच दिव्याचे. मुलाला वळणही आपण लावतोच. पंचवीस वर्षे मुलांपुढे उभा राहिल्यावर मी छातीवर हात ठेवून सांगतो, मी एकही मुलगा "केलेला" नाही.

बिअरही अशीच लावायची गोष्ट आहे. बव्हेरियाच्या सरदारांनी १५१६ साली बिअर कशाची करावी याचा प्रसिद्ध फतवा काढला: जव, हॉप आणि पाणी. त्यात यीस्टचे नाव नाही. जो खरा करणारा त्यालाच वगळले, कारण तो डोळ्यांना दिसत नव्हता. लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवर आख्खा ग्रंथ लिहिला आणि हे काम जिवंत जीवांचे आहे, हे मांडले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हॅन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. तेव्हापासून मद्य गाळणारे लोकच म्हणतात की आम्ही फक्त गोड पाणी करतो, बिअर यीस्ट करते. मग यंत्राने पाणी तापवले काय आणि पातेल्याने तापवले काय, "मी केली" हे म्हणणे दोन्हीकडे सारखेच फुशारकीचे. पेशींना घाई करता येत नाही. दीड हजार डॉलरांच्या यंत्रापुढेही माणसाला दोन आठवडे वाट पाहावीच लागते.

मग यंत्राने काय नेले? मला वाटते, दोन प्रकारची यंत्रे असतात. एक अंश सांभाळते, वेळ मोजते, पण धान्य कोणते, फुले किती, यीस्ट कुठले, हे तुमच्यावर सोडते. ते कुकरसारखे आहे. कुकरने आमच्या घरची आमटी कोणाची बिघडवली नाही. दुसरे बंद पुडकी मागते. त्यात कृती कंपनीची, दाणे कंपनीचे, निवडही कंपनीची. तुमच्याकडे राहते ते बोट आणि भांडी. सिॲटलच्या पिकोब्रू कंपनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ती २०१० साली निघाली. तिची यंत्रे कृती घेण्यासाठी इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाशी बोलत, आणि लहान यंत्रांसाठी कंपनीचीच तयार पुडकी लागत. २०२० साली कंपनी बुडाली. यंत्रे लोकांच्या ओट्यावर धडधाकट उभी होती, पण त्यांना सांगणारे कोणी उरले नाही. मग काही मालकांनी स्वतःच खटपट करून कंपनीच्या संगणकाची जागा घेणारी आज्ञावली लिहिली आणि ती इतरांना फुकट दिली. या गोष्टीत यंत्राची निंदा नाही. उलट ज्यांना यंत्राचे पोट उघडून पाहण्याची सवय होती, त्यांची यंत्रे पुन्हा चालू झाली. बाकीच्यांच्या घरी एक जड डबा उरला.

याच्या उलट नॉर्वेतल्या शेतकऱ्यांची रीत. पश्चिम नॉर्वेच्या खोऱ्यांत अजून काही घरी शेतावरची बिअर होते. त्यांचे यीस्ट पिढ्यानपिढ्या घरात चालत आलेले. त्याला ते क्वाइक म्हणतात. पूर्वी लाकडी कड्यांची एक माळ त्यात बुडवून वाळवत आणि पुढच्या खेपेपर्यंत टांगून ठेवत. कोणाचे बिघडले तर शेजाऱ्याकडून मागून आणत. हे वाचले तेव्हा मला आमच्या आळीतली संध्याकाळ दिसली. वाटी घेऊन मूल दारात येते, "काकू, विरजण द्या." आपले दही फसले तरी आपले दही शेजारच्या घरात जिवंत असते. बंद पुडक्याच्या यंत्राने जर काही नेले असेल, तर ते हे. पुडक्यातून शेजाऱ्याला विरजण देता येत नाही.

आणि यंत्र हे हाताचे वैरी असते असेही नव्हे. कधीकधी ते हाताचे शिष्य असते. जपानच्या मात्सुशिता कंपनीला १९८५ च्या सुमारास घरगुती पाव करणारे यंत्र जमत नव्हते. कणीक नीट मळली जाईना. तेव्हा इकुको तानाका ही त्यांची संगणकतज्ज्ञ ओसाकाच्या एका हॉटेलातल्या मुख्य पाववाल्याजवळ शिकायला राहिली. तो कणीक ताणताना तिला एक विशिष्ट पीळ देतो, हे तिच्या ध्यानात आले. त्याला स्वतःला ते सांगता येत नव्हते. मग यंत्राच्या भांड्याला आतून कंगोरे बसवले आणि पाव जमला. त्या यंत्रात एका माणसाचा हात आहे, आणि तो तेथे पोचला कारण कोणीतरी आधी हाताने शिकले. आईने मला सांगितले तेच हे, "चिमूट चिमूट घाल, नुसता वळव." माझ्या अकरा पानांत ही दोन वाक्ये नव्हती.

निघण्याच्या आदल्या रात्री भाच्याने पुन्हा विचारले, "मग मामा, घेऊ की नको?"

मी म्हटले, "मला विचारू नकोस. तीन माणसांना विचार. पहिल्याने बायकोला विचार, तिचा रविवार खरंच मोकळा होणार आहे का; आणि भांडी कोण घासणार ते आधी ठरव. मग स्वतःला विचार, उद्या ते बंद पडलं तर पातेल्यावर तुला जमेल का? जमत असेल तर घे. हाताला ठाऊक असलेलं काम यंत्राला दिलं तर ते उसनं दिलं, परत मागता येतं. ठाऊक नसलेलं दिलं तर ते गेलंच. आणि तिसऱ्याने तुझ्या त्या सत्तरीच्या शेजाऱ्याला विचार, त्याला या यंत्रातून विरजण देता येईल का."

एवढे बोलल्यावर मला माझा स्वर मास्तरकीचा वाटला, म्हणून मी गप्प बसलो. सौभाग्यवतीने सोऱ्या माझ्या हाती दिला. फोड अजून दुखत होते, पण त्याबद्दल बोलण्याची सोय नव्हती.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. बंद पुडक्यांचे ते यंत्र त्याने घेतले नाही. त्याऐवजी अंश सांभाळणारे एक साधे विजेचे पातेले घेतले. किंमत पुष्कळ कमी, कृती त्याची स्वतःची. सहा तासांचे चार झाले. उरलेले दोन तास तो मुलाला बागेत नेतो आणि भांडी रात्री घासतो. यीस्टची एक बाटली शेजारच्या गृहस्थांना दिली, आणि त्यांनी चाळीस वर्षांची आपली वही त्याला वाचायला दिली. हे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, काल नवी खेप लावली."

लावली, असेच तो म्हणाला. मी ते आईला सांगितले. ती अंगणात पणत्या धुऊन उन्हात मांडत होती. तिने विचारले, "आणि लागली का?"

"अजून दोन आठवडे आहेत," मी म्हटले.

"मग बसू दे की वाट बघत," ती म्हणाली, आणि एक पणती उचलून माझ्यापुढे धरली, पुसायला.